न्याहारीनंतरचे दोन तास

सुंदररावांना कसलाही आजार नाही आणि एकाहत्तराव्या वर्षी ही मोठीच अडचण आहे. कुंभकोणम् हे असं गाव की इथे दोन म्हातारी माणसं भेटली की आधी एकमेकांच्या साखरेची चौकशी करतात, मग गुडघ्यांची, आणि वेळ उरला तर मुलाबाळांची. साखर नाही म्हणणाऱ्याकडे लोक संशयाने बघतात. याच्याकडे असून दाखवत नाही, असं त्यांना वाटतं. सुंदररावांचा रक्तदाब असा की दवाखान्यातली नर्स वसंता दंडाचा पट्टा सोडून पुन्हा बांधून बघते आणि यंत्रालाच रागावते.

वीजमंडळात त्यांनी उभी हयात मीटर वाचण्यात घालवली. गावातलं असं घर नाही जिथे ते गेले नाहीत. ‘करंट सार आले’ म्हणून आतून हाक उठायची, कुत्रं बांधलं जायचं, दार उघडायचं, आणि सुंदरराव घराकडे पाठ करून मीटरकडे तोंड करायचे. आकडा टिपला की पुढचं दार. अर्ध्या गावाचे मीटर त्यांना तोंडपाठ होते, पण त्या घरांत बसून कॉफी प्यायल्याचे प्रसंग एका हाताच्या बोटांवर मोजता आले असते. तेव्हा त्याचं काही वाटायचं नाही, कारण संध्याकाळी घरी बायको, मंगलाकाकू, होत्या.

आमची तंजावरकडची मराठी मंडळी एका बाबतीत फार श्रीमंत आहेत, ती म्हणजे पूर्वजांच्या. ज्याला विचारावं त्याचा पणजोबा राजाच्या उजव्या हाताला बसत होता. एवढी माणसं उजव्या हाताला बसल्यावर डाव्या बाजूला कोण होतं आणि घोड्यांना पाणी कोण पाजत होतं, हे कोणी सांगत नाही. सुंदरराव तेवढे प्रामाणिक. “आमचे मुदपाकखान्यात होते. पोळ्या लाटीत होते,” असं ते सरळ सांगतात. आणि आमची मराठी ही घरची भाषा. उंबरा ओलांडला की तमिळ. आमच्या तोंडची जुनी रूपं ऐकून महाराष्ट्रातला पाहुणा हसतो, म्हणून ती आम्ही घरातच वापरतो. मंगलाकाकू गेल्या तेव्हा सुंदररावांच्या घरातलं बोलणंच गेलं. मुलगी हरिणी नोकरीसाठी पुण्याला. नात मधुमिता फोनवर म्हणाली, “आजोबा, तुम्ही नाटकातल्यासारखं बोलता.” पोरीने कौतुकानेच म्हटलं असेल, पण सुंदरराव त्यानंतर रविवारच्या फोनवर हुं आणि बरं यांच्यापलीकडे फारसे गेले नाहीत.

आता दवाखान्याचं सांगतो. पोट्रामरै तळ्यामागच्या गल्लीत महालिंग डॉक्टरांचा दवाखाना होता. ते नाडी बघत, लाल औषध देत आणि रोग्याला चार शब्द सुनावत. या तीन गोष्टींवर त्यांनी दोन पिढ्या जगवल्या. त्यांच्या मागे मुलगी शरण्या डॉक्टर होऊन चेन्नईहून आली आणि तिने दाराशी पाटी लावली: ठणठणीत असताना या. गाव चक्रावलं. आजारी नसताना डॉक्टरकडे जायचं म्हणजे घरात चोरी झाली नसताना पोलिसांत जाण्यासारखं. पण बाई चिकाटीची. तिने गुरुवार हा त्या कामाचा वार ठरवला. त्या दिवशी वजन, रक्तदाब, डोळ्यांचा तक्ता, फ्लूची लस, तळपायाला नायलॉनचा दोरा टोचून ‘कळतंय का’ विचारणं, आणि मुख्य म्हणजे साखर.

साखरेची तपासणी दोनदा असते. सकाळी उपाशीपोटी एकदा रक्त द्यायचं, मग न्याहारी करायची आणि दोन तासांनी पुन्हा द्यायचं. गावातले लोक मधल्या वेळात घरी जाऊन येतात. पण सेतू येतो दारासुरमहून टाउन बसने, कामाक्षी मामी साक्कोट्टैहून, मी पापनाशमहून सकाळच्या गाडीने. आमच्यासारख्यांसाठी मागच्या पडवीत, शेवग्याच्या झाडाखाली, एक लांब बाक आहे. ज्यांची साखर ताळ्यावर नाही त्यांना डॉक्टरीणबाईंनी दर गुरुवारी यायला सांगितलेलं. आम्ही घरून डबे आणायचो, खायचो आणि दोन तास बसून गावाची उठाठेव करायचो. खरं सांगायचं तर मधुमेहाने माझं बरंच काही नेलं, पण हा बाक दिला.

त्या बाकावर सुंदरराव आले ते हरिणीमुळे. तिने पुण्याहून फोन करून वडिलांची वार्षिक तपासणी ठरवली होती. पहिल्या रक्तानंतर ते घरी जाऊ शकले असते. घर दोन गल्ल्यांवर. पण त्यांनी आम्हाला पाहिलं. सेतू आपल्या जावयाची नक्कल करत होता, मामी हसून हसून ठसकत होती. सुंदरराव बाकाच्या टोकाला टेकले आणि दोन तास तिथेच राहिले. मीटरकडे पाठ करून माणसांकडे तोंड करायची बहुधा त्यांची ती पहिलीच वेळ.

निकाल सगळे उत्तम आले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “सार, पुढच्या वर्षी भेटू.”

पुढच्याच गुरुवारी ते पायाला मुंग्या येतात म्हणून हजर. दोरा टोचून झाला. वसंताचा दोरा पायाला लागायच्या आधीच ते ‘कळतंय’ म्हणत होते. त्यानंतरच्या गुरुवारी त्यांना लांबचं दिसेना, त्यानंतर फ्लूची लस घ्यावीशी वाटली, त्यानंतर वजन उतरल्याचा भास झाला. दवाखान्यातल्या सगळ्या प्रतिबंधक सेवा त्यांनी पुरवून पुरवून वापरल्या. एखादं पोर पेपरमिंट चोखतं तशा. आणि त्या संपल्या तोवर त्यांचं बाकावर असणं इतकं अंगवळणी पडलं होतं की कोणी काही विचारेना. शिवाय तोवर त्यांचा डबा आला होता.

चार कप्प्यांचा पितळी डबा बघून वसंता पहिल्या दिवशी म्हणाली, “सार, रक्त द्यायला आलात की लग्नाला?”

“दोघांचंच आहे, अम्मा,” सुंदरराव म्हणाले. “मला एकट्यापुरतं करता येत नाही. हाताला सवय नाही.”

डब्यात काय नसायचं? उडदाच्या पिठाची, दह्यातली डांगर पचडी, वांग्याची रसवांगी, सांबार, आणि सगळ्यात वरच्या कप्प्यात पुरणाच्या पोळ्या, तुपाने ओल्या. आणि आमच्या घरांत एक रीत आहे. समोर कोणी बसलेलं असेल तर त्याच्या पानात काही पडल्याखेरीज आपण घास उचलायचा नाही. समोरचा पोटभर जेवून आलेला असो, वैद्याने त्याला बंदी केलेली असो, चिमूटभर तरी वाढायचं. सुंदररावांची चिमूट थेट मुदपाकखान्यातून आलेली असल्यामुळे तीत दोन पोळ्या मावत.

“नको सार, साखर आहे,” सेतू पहिल्यांदा म्हणाला. सेतू रेशमाचा विणकर. खड्ड्यात पाय सोडून दिवसभर मागावर बसणारा, किडकिडीत माणूस.

“मग गोळी कशाला घेतोस? पोळीसाठीच ना?” मामी म्हणाली आणि स्वतःचा हात पुढे केला.

“मामी, तुमची तर माझ्यापेक्षा जास्त आहे.”

“म्हणून तर. जिथे शंभर तिथे आणखी एक.”

सुंदरराव हातात पोळी धरून वाट बघत उभे होते. आम्ही खाल्ल्याशिवाय त्यांना खाता येणार नव्हतं. एका म्हाताऱ्या माणसाला उपाशी ठेवायचं पाप कोण घेणार? आम्ही खाल्लं. पुढेही दर गुरुवारी, हे पाप टाळण्यासाठी, आम्ही जिवावर उदार होऊन खात राहिलो. त्या बाकावर सुंदरराव बोलू लागले. कोणाच्या मीटरमागे पालीचं घर होतं, कोण मीटरलाच कुंकू लावायचं, असलं सगळं. माझ्या कानाशी येऊन हळूच मराठीत विचारत, “मीठ बरोबर आहे ना रे? मज आतां कळत नाहीं.” आणि उत्तर मिळालं की लगेच तमिळमध्ये परत.

इकडे डॉक्टरीणबाई कोड्यात. आम्हा सगळ्यांचा उपाशीपोटीचा आकडा बरा, आणि दोन तासांनंतरचा आकाशात. त्यांनी पथ्य विचारलं. आम्ही आपापल्या घरच्या डब्यातलं सांगितलं, आणि तेही खोटं नव्हतं. फक्त सगळं नव्हतं. बाईंनी गोळ्या वाढवल्या. माझ्या वाढवल्या, मामीच्या वाढवल्या, सेतूच्या सगळ्यात जास्त.

गुरुवारी पोळी होती. बाकीच्या दिवशी सेतूच्या घरी पेज आणि चटणी.

एका मंगळवारी मागावर बसल्या बसल्या सेतूच्या डोळ्यांपुढे अंधार आला. अंगाला घाम फुटला, हात थरथरायला लागले, आणि तो ताण्यावरच कोसळला. बायको शहाणी, तिने तोंडात साखर घातली आणि रिक्षात घालून दवाखान्यात आणलं. वाचला. साखर पार तळाला गेली होती. बाईंनी गोळी उतरवली आणि विचारलं, गुरुवारी तू नक्की खातोस काय? सेतू निष्ठावंत. म्हणाला, “दोन इडल्या.”

त्या गुरुवारी आम्ही डबा उघडून बसलो होतो आणि पडवीच्या दारात डॉक्टरीणबाई येऊन उभ्या राहिल्या. सेतूच्या गालात पोळीचा घास.

“सेतू अण्णा, तोंडात काय आहे?”

“इडली.”

“इडली पिवळी असते?”

“हळद पडली असेल,” मामी म्हणाली.

मी माझ्या हातातली पोळी पाठीमागे नेली होती. तिचं तूप सदऱ्यावर ओघळलं. एवढं होऊनही कोणाला हसू आलं नाही, कारण बाई हसत नव्हत्या. त्या सुंदररावांसमोर बसल्या आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, “सार, हे दोन तास मी एवढ्यासाठी ठेवते की यांच्या रोजच्या खाण्यावर यांचं शरीर काय करतं ते कळावं. मी आकडा बघून गोळ्या वाढवत गेले. तो आकडा यांच्या घरच्या न्याहारीचा नव्हताच. तुमच्या डब्याचा होता. मंगळवारी सेतू अण्णांची बायको घरात नसती तर?”

सुंदररावांच्या हातातला डब्याचा कप्पा कलला. ते सेतूकडे वळले आणि म्हणाले, “बाबा, मज ठाऊक नव्हतें. तुज मीं मारीत होतों कीं रे.”

मराठीत म्हणाले. उंबऱ्याबाहेर, चारचौघांत, मोठ्याने. सेतूला त्यातला एकही शब्द कळला नसेल. त्याने मान हलवली आणि सुंदररावांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

“तुमची प्रकृती छान आहे,” बाई उठताना म्हणाल्या. “वर्षातून एकदा या. त्याच्या आधी तुम्हाला इथे यायची गरज नाही. आनंदाची गोष्ट आहे ही.”

सुंदररावांनी डबा बंद केला. कडी बसायला फार वेळ लागला.

त्यानंतर बाईंच्या नियमाने बाकावर आम्ही आपापलं खायचो. आकडे जमिनीवर आले. वसंता खूश होती. सेतूने जावयाची नक्कल काढली नाही. मामी एकदा म्हणाली, “करंट सार काय करत असतील?” आणि आम्ही डब्यांत डोकी खुपसली, कारण आपण एकदा त्यांच्या घरी जाऊ असं आम्ही सगळेच म्हणालो होतो आणि कोणी गेलं नव्हतं. बस पकडायची, गाडी पकडायची.

शेवटी एका गुरुवारी मी परतीची गाडी सोडून दिली आणि गेलो. दार उघडंच होतं. स्वयंपाकघरात सुंदरराव पाटावर बसले होते. समोर तिरुवैयारूचा अशोका हलवा, किलोभर तरी असावा. शेजारी साखरेचा डबा. चेहरा एरंडेल पिणाऱ्या पोरासारखा.

“काका, हें काय?”

“औषध.”

“कशावर?”

“प्रकृतीवर.”

मी खाली बसलो. त्यांनी रीतीप्रमाणे चमच्याने हलवा माझ्याकडे केला, मग आठवण होऊन झटकन मागे घेतला.

“रोज खातों,” ते म्हणाले. “दुपारीं हलवा, रात्रीं पोळ्या. साखर झाली म्हणजे दर गुरुवारीं बोलावतील.”

“काका, हें खूळ आहे. पाय कापावे लागतात लोकांचे. डोळे जातात.”

“ठाऊक आहे. चित्र लावलें आहे तेथें, बाकासमोरच. दर गुरुवारीं पाहत होतों.”

“मग?”

त्यांनी साखरेच्या डब्याचं झाकण लावलं. “मंगला गेल्यावर मीं एकटाच मोठ्याने बोलत होतों. भाजी चिरूं का, दिवा लावूं का. मग एक दिवस माझाच आवाज ऐकून दचकलों. तेव्हांपासून बंद केलें.” मग म्हणाले, “तूं पापनाशमला असतोस. तुज रोज कसें यावयास सांगूं? गुरुवार पुरत होता मज.”

निघताना हलव्याचा खोका मी उचलून नेला. त्यांनी अडवलं नाही. पण गल्लीच्या टोकाला मिठाईचं दुकान आहे आणि दुकानदार त्यांना ओळखतो, एवढं मलाही कळत होतं.

पुढे महिन्याभराने ते स्वतः पैसे भरून तपासणीला आले. अंघोळ करून, कपाळाला विभूती लावून, परीक्षेला आल्यासारखे. उपाशीपोटी रक्त दिलं. पडवीत आले नाहीत. घरी जाऊन खाऊन आले, पुन्हा दिलं आणि पुढच्या खोलीत भिंतीला टेकून बसले. माझा नंबर त्यांच्यानंतर, म्हणून मी शेजारी.

वसंता कागद घेऊन आली. “सार, तुमच्या पायाचं तीर्थ द्या आम्हाला. दोन्ही आकडे नॉर्मल.”

सुंदररावांचा चेहरा उतरला. “पुन्हा पाहा, अम्मा.”

“पाहिलं.”

“यंत्र जुनं असेल.”

“यंत्र नवीन आहे, सार. तुम्हीच जुने आहात.”

आतून डॉक्टरीणबाईंनी हे ऐकलं असावं. त्यांनी बोलावलं. दार अर्धं उघडं होतं. दवाखान्यात बसून न ऐकण्याची कला मला कधी साधली नाही.

“नॉर्मल म्हटल्यावर लोक देवाला नारळ फोडतात. तुम्ही का असे?”

सरळ विचारल्यावर सुंदररावांना खोटं बोलता येत नाही. आकडा असेल तोच सांगायची जन्माची सवय. त्यांनी हलवा सांगितला, पोळ्या सांगितल्या, साखरेचा डबा सांगितला.

“माझ्या वडिलांना मधुमेह होता,” बाई म्हणाल्या. “आयुष्यभर त्यांनी कॉफीत साखर घेतली नाही. तो असा मागून मिळत नाही, सार.” मग म्हणाल्या, “पण आणखी काही वर्षं असंच खात राहिलात तर मिळेलही. तेव्हा बाकावर बसाल, पण मी तुमच्याशी बोलणार नाही.”

“मग मी काय करू?” सुंदरराव म्हणाले. साधंच विचारलं त्यांनी, पत्ता विचारावा तसं.

“गुरुवारी या. बाकावर बसायला तपासणी लागत नाही. आजवर मीच ते बोलले नाही, चुकलं. फक्त डबा आणायचा नाही. आणि हलवा आजपासून बंद.”

ही गोष्ट इथे गोड करून संपवता आली असती, पण गोड आम्हाला वर्ज्य आहे.

पुढच्या गुरुवारी सुंदरराव आले. सगळ्यांनी सरकून जागा केली. सेतूने जावयाची नक्कल काढली, मामी ठसकली. मग वसंताने पहिलं रक्त घेतलं आणि आम्ही डबे काढले. सुंदररावांनी रिकामे हात मांडीवर ठेवले.

मी झाकण उघडलं आणि मला खाता येईना. समोर माणूस रिकामा बसलेला. त्याच्या पानात काही पडल्याशिवाय मी घास कसा उचलणार? रीत काही त्यांच्या एकट्याच्या घरची नव्हती. आणि त्यांना द्यावं तर बाईंचा नियम: कोणाचा डबा दुसऱ्याकडे जाणार नाही. मामीने डबा पदराआड धरला. सेतू भिंतीकडे तोंड करून बसला. मी इडली हातात घेऊन शेवग्याकडे बघत राहिलो. कोणी चावताना आवाज करेना. बाकावर तीन माणसं चोरून खात होती आणि चौथा समोरच्या चित्रातला पाय मन लावून वाचत होता.

सुंदरराव उठले. “मी तळ्याला एक फेरी मारून येतो,” ते तमिळमध्ये म्हणाले. “तुम्ही जेवून घ्या. मग बसू दोन तास.”

तेव्हापासून हे असंच चालतं. पहिल्या रक्ताच्या वेळी ते बाकावर असतात. डबे निघाले की उठतात आणि तळ्याभोवती चालतात. एकटे, हात पाठीमागे बांधून. दारावरच्या पाट्या वाचत जावं तसे घराघरांकडे बघत. पावसाचे दिवस असले तर समोरच्या झेरॉक्सच्या दुकानाच्या पत्र्याखाली उभे राहतात. माझ्या मनात येतं की उठून त्यांच्याबरोबर चालावं, पण तोंडात घास असतो आणि बाईंचं घड्याळ पहिल्या घासापासून सुरू होतं.

परवा सेतूने पाच मिनिटांत गिळून टाकलं, तर वसंता त्याला बोलली. चावून खा म्हणाली, नाहीतर आकडा चुकेल. सेतू चावत बसला. फाटकाच्या गजांपलीकडे पांढरं धोतर दिसलं.

“झालं का?” बाहेरून आवाज आला.

“सेतूचं व्हायचंय अजून,” मामी म्हणाली. “आणखी एक फेरी मारा, सार.”

“बरं,” सुंदरराव म्हणाले, आणि पुन्हा तळ्याकडे वळले.